पानातला हवा तेवढाच भाग उतरवता येतो का?

एखाद्या वेबपानाचं फक्त शीर्षक हवं असतं. किंवा लांबलचक तक्त्यातला एक आकडा, किंवा पान शेवटचं कधी बदललं ते सांगणारी तळाची एक ओळ. स्क्रिप्ट लिहायला बसलं की पहिला विचार काटकसरीचा येतो. एका ओळीसाठी अख्खं पान कशाला ओढायचं? हवं तेवढंच मागता येणार नाही का?

मागता येतं, पण अडचण अशी की सर्व्हरला बाइट मोजता येतात, परिच्छेद ओळखता येत नाहीत. "पहिले हजार बाइट दे" ही विनंती त्याला समजते. "तिसऱ्या मथळ्याखालचा तक्ता दे" ही समजत नाही. तो तक्ता कितव्या बाइटपासून सुरू होतो हे पान वाचल्याशिवाय आपल्यालाही ठाऊक नसतं, आणि वाचायचं तर पान आधी उतरवावं लागतं. या पेचातून वाट काढायचे चार-पाच मार्ग आहेत. कुठला मार्ग धरायचा हे आपल्याला नेमकं काय वाचवायचंय यावर ठरतं: नेटवर्कवरून येणारा डेटा, मेमरी, वेळ, की समोरच्या सर्व्हरचे कष्ट.

आधी वजन करा

ब्राउझरमध्ये एक पान उघडतं तेव्हा पडद्यामागे डझनावारी विनंत्या जातात. पहिली विनंती एचटीएमएलची, म्हणजे टॅग नावाच्या खुणा लावून लिहिलेल्या पानाच्या मूळ मजकुराची. त्यात चित्रांचे, फॉन्टचे, स्टाइलशीटचे, जावास्क्रिप्टच्या फायलींचे पत्ते असतात आणि ब्राउझर ते वाचत वाचत एकेक गोष्ट मागवत जातो. हे सगळं धरून हल्लीच्या साधारण पानाचं वजन दोन एमबीच्या पुढे जातं. त्यात एचटीएमएलचा वाटा बहुतेकदा काही डझन केबींचाच असतो.

स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझर नव्हे. कर्ल किंवा वीगेट ही कमांडने चालणारी डाउनलोडची साधनं असोत की पायथन भाषेची रिक्वेस्ट्स लायब्ररी, मुद्दाम सांगितल्याशिवाय ही मंडळी दिलेल्या पत्त्यावरची तेवढी एकच वस्तू आणतात. चित्रांना हात लावत नाहीत, जाहिरातींच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे पानाचा एक छोटासा भागच उतरवायचा हे काम आपण काहीही न करता बरंचसं झालेलं असतं.

म्हणून आधी मोजावं. काम संपल्यावर किती बाइट उतरले तो आकडा छापायला कर्लला सांगता येतं. तो तीस-चाळीस केबी निघाला तर अख्खं पान उतरवा, हवा तो भाग काढून घ्या आणि बाकीचं सोडून द्या. पुढच्या युक्त्यांनी तिथे हाती काही लागत नाही, का ते पुढे येईलच. खटाटोप करावा तो पान खरोखर अनेक एमबींचं असेल तेव्हा, पानं हजारोंच्या संख्येने तपासायची असतील तेव्हा, डेटा मोजून मिळत असेल तेव्हा, किंवा स्क्रिप्ट इवल्याशा मेमरीच्या यंत्रावर चालणार असेल तेव्हा.

एक गैरसमज इथेच निपटून टाकू. पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह आणि पुढे एखाद्या विभागाचं नाव असतं. असा पत्ता स्क्रिप्टला दिला की तेवढाच विभाग येईल असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात हॅश आणि त्यापुढचा मजकूर सर्व्हरकडे जातच नाही. पूर्ण पान आल्यावर कुठवर सरकायचं एवढंच ब्राउझर त्यावरून ठरवतो. क्रोमने २०२० मध्ये पत्त्यातच वाक्य लिहून पानातला तो मजकूर ठळक करून दाखवायची सोय आणली, तिलाही हाच नियम लागू आहे.

रेंज: सर्व्हरकडे तुकडा मागणं

बाइटांच्या हिशेबाने तुकडा मागायची अधिकृत सोय एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांत, जुनी आहे. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं पहिलं प्रमाण (नियमांचा अधिकृत दस्तऐवज) आलं त्यातच ती होती आणि २०२२ च्या सुधारित प्रमाणातही आहे. विनंतीसोबत 'रेंज' नावाचा हेडर (विनंती किंवा उत्तराला जोडलेली सूचनेची ओळ) पाठवायचा आणि त्यात "बाइट्स=०-१०२३" असं लिहायचं. मोजणी शून्यापासून होते आणि दोन्ही टोकं धरली जातात, त्यामुळे यातून १०२४ बाइट मिळतात, १०२३ नाही. सुरुवातीचा आकडा गाळून "-५००" लिहिलं तर शेवटचे ५०० बाइट. शेवटचा आकडा गाळून "५०००-" लिहिलं तर ५००० क्रमांकाच्या बाइटपासून शेवटपर्यंत सगळं. कर्लमध्ये यासाठी 'रेंज' याच नावाचा पर्याय आहे.

सर्व्हरने ऐकलं की उत्तराचा क्रमांक २०६ येतो, म्हणजे अंशतः मजकूर. सोबत 'कंटेंट-रेंज' हेडरमध्ये कुठून कुठवरचे बाइट दिले आणि एकूण किती आहेत हेही लिहिलेलं असतं. फाइल १० केबींची आणि आपण ५० केबींच्या पुढचं मागितलं, तर उत्तर ४१६. आणि उत्तर २०० आलं तर सर्व्हरने रेंज हेडरकडे सरळ दुर्लक्ष केलं आणि अख्खं पान पाठवायला घेतलं असं समजायचं.

असं दुर्लक्ष करायची सर्व्हरला पूर्ण मुभा आहे. रेंज पाळणं प्रमाणात सक्तीचं नाही. त्यामुळे रेंज पाठवली म्हणून निश्चिंत होणारी स्क्रिप्ट कच्ची समजावी. उत्तराचा क्रमांक तपासायचा, २०६ असेल तरच तुकडा मिळाला असं मानायचं, २०० असेल तर पुढचा मार्ग धरायचा. काही सर्व्हर 'अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस' हेडरमधून आपण तुकडे देतो असं आधीच जाहीर करतात. त्याची मदत होते, पण भरवसा प्रत्यक्ष उत्तरावरच ठेवावा.

नेमकी साधी वेबपानं देतानाच सर्व्हर रेंजकडे काणाडोळा का करतात? कारण डिस्कवर पडलेल्या फायलीचा मधला तुकडा काढणं सोपं असतं, तर बहुतेक पानं आज फाइल म्हणून कुठे ठेवलेलीच नसतात. विनंती आली की डेटाबेसमधून माहिती काढून, साच्यात भरून पान तिथल्या तिथे तयार होतं. तयार होईपर्यंत त्याची लांबी खुद्द सर्व्हरलाही माहीत नसते. आणि पुढच्या क्षणी दुसरा तुकडा मागितला तर दोन्ही तुकडे एकाच पानाचे असतील याची खात्री कोण देणार? दरम्यान वरच्या पट्टीतली वेळ बदललेली असू शकते.

रेंजचं खरं राज्य आहे ते मोठ्या, स्थिर फायलींमध्ये. अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे सुरू होतं ते रेंजमुळे. व्हिडिओच्या मध्यावर उडी मारता येते तीही बऱ्याचदा रेंजमुळेच. माझा आवडता उपयोग झिप फायलींचा आहे. झिपमध्ये आत काय काय आहे याची यादी फायलीच्या शेवटी असते. त्यामुळे काही जीबींच्या झिपचं शेपूट तेवढं मागवायचं, यादी वाचायची, हवी ती फाइल कितव्या बाइटवर आहे ते बघायचं आणि तेवढाच पट्टा उतरवायचा. दोन-तीन छोट्या विनंत्यांत काम होतं. लॉग फायलींचंही तसंच, रोज शेवटची भर तेवढी मागवता येते.

या सोयीने एकदा चांगलाच घोळही घातला होता. एकाच विनंतीत अनेक पट्टे मागता येतात. ऑगस्ट २०११ मध्ये असं उघड झालं की एकमेकांवर चढलेले पुष्कळ पट्टे एकाच विनंतीत मागितले तर अपाचे वेब सर्व्हर मेमरी खात खात आडवा होतो. त्यावर घाईघाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या. अनेक पट्ट्यांच्या विनंतीकडे बरेच सर्व्हर संशयाने बघतात, त्यामुळे एका वेळी एकच पट्टा मागणं बरं.

मध्येच थांबणं

सर्व्हर रेंज मानत नसेल तर उपाय आपल्या हातात आहे. विनंती नेहमीसारखी करायची, उत्तर तुकड्यातुकड्याने वाचायचं आणि हवं ते मिळालं की कनेक्शन तोडून टाकायचं. हवा तो भाग पानाच्या सुरुवातीला असेल तेव्हा हे उत्तम चालतं.

आणि सुरुवातीला बरंच काही असतं. पानाचं शीर्षक, वर्णन, मूळ पत्ता, दुवा पाठवल्यावर दिसणारं चित्र आणि मजकूर, हे सगळं एचटीएमएलच्या हेड विभागात. ही शेवटची माहिती लिहायची ओपन ग्राफ नावाची पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली आणि ती जगभर रुळली. नुसत्या दुव्यावरून शीर्षक दाखवायचं असेल तर हेड संपेपर्यंत वाचलं की पुरतं.

पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत विनंती करताना 'स्ट्रीम' चालू ठेवलं की फक्त हेडर येतात आणि मूळ मजकूर आपण मागू तसा येतो. मग लूपमध्ये चार-चार केबींचे तुकडे वाचायचे, जमलेल्या मजकुरात हेड बंद करणारा टॅग शोधायचा, सापडला की लूपमधून बाहेर पडून कनेक्शन बंद करायचं. शेलमध्ये यापेक्षाही आळशी मार्ग आहे. कर्लचं आउटपुट 'हेड' या कमांडकडे पाइप करायचं आणि तिला पहिले इतके बाइट घे म्हणून सांगायचं. (या हेडचा एचटीएमएलच्या हेडशी काही संबंध नाही.) तेवढे बाइट घेऊन ती कमांड निघून जाते, आणि लिहायला समोर कुणी उरलं नाही म्हणून कर्ल २३ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. ती चूक बघून घाबरायचं कारण नाही, आपल्याला तेच हवं होतं.

लूप लिहिताना एक बारकावा हमखास निसटतो. ज्या टॅगची आपण वाट बघतोय तो दोन तुकड्यांच्या सीमेवर अर्धा-अर्धा कापला जाऊ शकतो. प्रत्येक तुकडा सुटा तपासला तर तो कधीच सापडत नाही आणि स्क्रिप्ट पान संपेपर्यंत वाचत राहते. म्हणून आधीच्या तुकड्याची शेपटी पुढच्याला जोडून शोधायचं. दुसरं म्हणजे एचटीएमएलच्या नियमांनुसार हेड बंद करणारा टॅग लिहिलाच पाहिजे असं नाही, तो गाळला तरी पान वैध असतं. तेव्हा "टॅग सापडेपर्यंत किंवा अमुक केबी होईपर्यंत" अशी दुहेरी अट हवी. ही मर्यादा फार लहानही ठेवू नये. काही पानांच्या हेडमध्ये स्टाइल आणि स्क्रिप्ट यांचा मजकूरच शंभर केबींवर कोंबलेला असतो आणि शीर्षक त्याच्याही खाली.

आता, यातून खरंच किती वाचतं? वाटतं त्याहून कमी. नळ बंद केला तरी पाइपात भरलेलं पाणी आलेलंच असतं, तसं हे आहे. आपली स्क्रिप्ट चार केबी वाचत असते तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमने तिच्या नकळत पुढचे कितीतरी केबी बफरमध्ये घेऊन ठेवलेले असतात. सर्व्हरसुद्धा एकेक बाइट विचारून पाठवत नाही. डेटाची पाकिटं पोचवणाऱ्या टीसीपी या नियमसंचाच्या २०१३ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार समोरून पोच यायची वाट न बघता पहिल्या झपाट्यातच दहा पाकिटं, म्हणजे साधारण १४ केबी निघतात. एचटीटीपीएस (एचटीटीपीचं सुरक्षित रूप) असेल तर मजकूर १६ केबींपर्यंतच्या गठ्ठ्यांत कुलूपबंद होऊन येतो आणि पूर्ण गठ्ठा आल्याशिवाय तो उघडून तपासता येत नाही. तीस केबींचं पान मध्येच तोडून काही हाती का लागत नाही ते यावरून कळेल. तोडायचा निर्णय होईपर्यंत ते येऊन पोचलेलं असतं.

वर कनेक्शन तोडायचीही किंमत असते. एचटीटीपी १.१ मध्ये चालू उत्तर रद्द करायचा एकच मार्ग, कनेक्शनच बंद करणं. त्याच सर्व्हरकडून पुढचं पान घ्यायचं तर ओळखपरेड आणि कुलूप-किल्ल्यांची देवघेव पुन्हा पहिल्यापासून. एकाच ठिकाणची शंभर छोटी पानं घ्यायची असतील तर प्रत्येक अर्धवट तोडण्यापेक्षा एकच कनेक्शन उघडं ठेवून सगळी पूर्ण उतरवणं बहुतेकदा लवकर होतं. २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये तेवढा एक प्रवाह रद्द करून कनेक्शन चालू ठेवता येतं, पण आपली लायब्ररी एचटीटीपी २ बोलते का ते आधी पाहावं लागतं. रिक्वेस्ट्स तरी बोलत नाही.

दाबलेला मजकूर आणि तुटलेली अक्षरं

तुकड्यांच्या कामात दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. एक कॉम्प्रेशन, म्हणजे मजकूर दाबून लहान करणं; दुसरं अक्षरांचं संकेतन, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत.

सर्व्हर एचटीएमएल सहसा जीझिपने दाबून पाठवतात आणि ते मूळच्या पाव हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. पण जीझिपमध्ये पुढचा मजकूर मागच्या मजकुराच्या आधाराने लिहिलेला असतो, "३०० बाइट मागे जे आलंय त्यातली २० अक्षरं इथे घे" अशा सूचनांनी. त्यामुळे सुरुवातीपासूनचा तुकडा उलगडता येतो, मधला उलगडता येत नाही. आणि दाबलेल्या उत्तरासोबत रेंज वापरली तर बाइट मोजले जातात ते दाबलेल्या मजकुरातले. मधला पट्टा हवा असेल तर 'अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग' हेडरमध्ये 'आयडेंटिटी' लिहून मजकूर न दाबता मागावा लागतो. तसा मागितला की तोच मजकूर चौपट जागा घेतो. म्हणजे न दाबलेल्या पानाचा तिसरा हिस्सा उतरवून आपण खूश होतो, तर दाबलेलं अख्खं पान त्याहून कमी बाइटांत आलं असतं.

कुठलं साधन काय मागतं हेही एकसारखं नाही. कर्ल आपण सांगितल्याशिवाय दाबलेला मजकूर मागत नाही. रिक्वेस्ट्स आपणहून मागते आणि उलगडूनही देते. पायथनसोबत येणारी यूआरएललिब मजकूर न दाबताच मागते. सगळं पान उतरवत असाल तर कर्लमधला कॉम्प्रेशनचा पर्याय चालू करणं ही सगळ्यात स्वस्त काटकसर आहे. एका शब्दाचा खर्च, आणि अर्ध्याहून जास्त डेटा वाचतो.

दुसरी ठेच देवनागरी वाचणाऱ्यांना जास्त लागते. युटीएफ-८ या संकेतनात रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून १५ बाइट. पहिले १०२४ बाइट मागितले आणि काप नेमका एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांमध्ये पडला की डिकोडर (बाइटांची अक्षरं करणारा कोड) एक तर चूक दाखवून थांबतो, नाहीतर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटवतो. इंग्रजी पानांवर चाचणी घेतलेल्या स्क्रिप्टमध्ये हा दोष दिसतच नाही. उपाय सोपा आहे. अर्धवट राहिलेले एक-दोन बाइट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवणारा टप्प्याटप्प्याचा डिकोडर पायथनसह बहुतेक भाषांमध्ये तयार मिळतो. पण चिन्हांचा हिशेब जुळला तरी अक्षराचा जुळेलच असं नाही. काप ठ आणि वेलांटीच्या मध्ये पडला तर चूक कुठलीच दिसणार नाही, फक्त "मराठ" एवढंच हाती राहील.

संकेतन कुठलं आहे हे मुळात कसं कळतं? एक तर हेडरमधून, नाहीतर पानातल्या मेटा टॅगवरून, आणि हा टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावा असा एचटीएमएलचा नियम आहे. हेडरमध्ये संकेतन दिलेलं नसेल तर रिक्वेस्ट्स जुनं पश्चिम युरोपीय संकेतन गृहीत धरते आणि मराठीच्या जागी स्वरचिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांची रांग उभी राहते. त्यामुळे बाइट तसेच घेऊन पार्सरकडे, म्हणजे एचटीएमएलची रचना वाचणाऱ्या लायब्ररीकडे द्यावेत, तो मेटा टॅग वाचून ठरवतो.

पान आलं, आता भाग काढा

बहुतेकांच्या बाबतीत खरं काम इथेच आहे. पान उतरलेलं आहे, त्यातून एक भाग काढायचा आहे.

शीर्षकासारखी एखादीच सरळ गोष्ट असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायची सूत्रं) चालून जाते, त्याबद्दल कुणी नाक मुरडायची गरज नाही. पण एकात एक बसलेल्या डिव्ह टॅगांमधला नेमका एक हवा असेल तर तिथे ती हरते, कारण उघडलेल्या आणि मिटलेल्या टॅगांचा मेळ तिला घालता येत नाही. त्यासाठी पार्सर: पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप किंवा एलएक्सएमएल, रुबीत नोकोगिरी. पार्सर पानाचं झाड बांधतो आणि सीएसएस सिलेक्टर किंवा एक्सपाथ (झाडातली जागा सांगायच्या दोन पद्धती) वापरून त्यातली हवी ती फांदी मागता येते. ब्यूटिफुल सूपमध्ये 'सूपस्ट्रेनर' नावाची सोय आहे. फक्त दुव्यांचे टॅग किंवा फक्त अमुक तक्ता एवढंच झाडात घे, बाकीचं बांधूच नकोस, असं तिला सांगता येतं. डाउनलोड यानं कमी होत नाही, पण मोठ्या पानांवर मेमरी आणि वेळ दोन्ही वाचतात.

सिलेक्टर निवडताना दिसण्यावर जाऊ नये. ब्राउझरमधून तयार कॉपी केलेला सिलेक्टर "बॉडीतला चौथा डिव्ह, त्यातला दुसरा, त्यातला पहिला" अशा थाटाचा असतो आणि वरती एक जाहिरातीची पट्टी वाढली की कोलमडतो. आयडी, तक्त्याच्या मथळ्यातले शब्द, मेटा टॅग, यांचा आधार जास्त टिकतो. पुष्कळ पानांत शोधयंत्रांसाठी जेसन-एलडी या रूपात (जेसन म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत) तीच माहिती नीट नावं देऊन ठेवलेली असते. ती असेल तर बाकी एचटीएमएलकडे बघायचंही कारण नाही. आणि भाग सापडला नाही तर स्क्रिप्टने रिकामी ओळ लिहून पुढे जाऊ नये, थांबून ओरडावं. महिनाभर साठलेल्या रिकाम्या ओळी नंतर कुणाच्या उपयोगाच्या नसतात.

कधी कधी ब्राउझरमध्ये ढळढळीत दिसणारा तक्ता उतरवलेल्या एचटीएमएलमध्ये सापडतच नाही. पान रिकामा सांगाडा म्हणून येतं आणि जावास्क्रिप्ट नंतर त्यात माहिती भरते. स्क्रिप्टला जावास्क्रिप्ट चालवता येत नाही, म्हणून तिला सांगाडाच दिसतो. अशा वेळी थेट हेडलेस ब्राउझर (खिडकी न दाखवता चालणारा ब्राउझर) जुंपण्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून बघावा. माहिती कुठल्या पत्त्यावरून येते ते तिथे दिसतं, आणि पुष्कळदा तो पत्ता नुसता जेसन देणारा असतो. पानाचा हवा तो भाग आपण न मागता कापून ठेवल्यासारखा.

खरं तर "अमुक विभाग द्या" अशी विनंती समजणारे सर्व्हरही असतात, पण तशी सोय तिथल्या लोकांनी मुद्दाम केलेली असावी लागते. विकिपीडिया हे ठळक उदाहरण. त्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर लेखाचा एखादाच विभाग क्रमांकाने देतं. क्रमांक ० म्हणजे पहिल्या मथळ्याच्या आधीचा प्रास्ताविक भाग. अशी सोय आहे का हे शोधण्यात घालवलेली दहा मिनिटं सिलेक्टर लिहिण्यात घालवलेल्या तासापेक्षा कामी येतात.

न उतरवणं

रोज तेच पान तपासणाऱ्या स्क्रिप्टसाठी सगळ्यात मोठी बचत वेगळ्याच ठिकाणी आहे. सर्व्हर पानासोबत 'ईटॅग' नावाची खूण किंवा शेवटच्या बदलाची तारीख पाठवत असेल तर ती जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी विनंतीसोबत परत पाठवायची: ही खूण अजून तीच असेल तर काही पाठवू नका. काही बदललं नसेल तर उत्तर ३०४ येतं, त्यात नुसते हेडर असतात, मजकूर शून्य. अर्ध्या पानापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

सगळीच पानं ही सोय देत नाहीत. काहींचा ईटॅग दर वेळी नवा असतो. मग पान उतरवून फक्त हव्या त्या भागाचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी ओळख; पत्त्यातल्या हॅश चिन्हाशी संबंध नाही) काढून ठेवावा आणि तो बदलला तरच पुढचं काम करावं. हॅश पूर्ण पानाचा काढला तर कोपऱ्यातल्या घड्याळामुळेही रोज "बदल झाला" असा निरोप मिळेल.

इथे समोरच्याचाही विचार करायला हवा. पान मध्येच तोडलं तर आपला डेटा वाचतो, पण डेटाबेस धुंडाळून पान तयार करायचं काम सर्व्हरने तोवर बहुधा केलेलंच असतं. त्याचे कष्ट कमी करायचे तर विनंत्याच कमी आणि सावकाश कराव्या लागतात. स्क्रिप्टसारख्या प्रोग्रामांनी साइटवर कुठे जाऊ नये ते सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल आधी वाचावी. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेला हा संकेत २०२२ मध्ये रीतसर प्रमाण झाला. ४२९ उत्तर आलं तर ते "फार विनंत्या होताहेत" असं सांगणं असतं, आणि सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर असेल तर त्यात दिलेल्या वेळेपर्यंत थांबावं. स्क्रिप्टने युजर-एजंट हेडरमध्ये आपण कोण आणि संपर्क कुठे करायचा हे लिहावं. विकिपीडियासारखी काही ठिकाणं तशी स्पष्ट अपेक्षाच ठेवतात.

वरची मर्यादा

काटकसर करायची नसली तरी मध्येच थांबण्याचा कोड एका कारणासाठी लिहावाच. पत्ते दुसऱ्या कुणी दिलेले असतील, तर पान समजून उघडलेल्या पत्त्यावर काही जीबींची डिस्क इमेज निघू शकते. 'कंटेंट-टाइप' आणि 'कंटेंट-लेंग्थ' हे हेडर आधी बघून घ्यावेत, पण लांबी कधी दिलेली नसते आणि दाबलेल्या उत्तरात ती दाबलेल्या आकाराची असते. उलगडल्यावर तोच मजकूर शेकडो पट फुगू शकतो. म्हणून उलगडलेले बाइट मोजत जायचे आणि ठरवलेला आकडा ओलांडला की सोडून द्यायचं. मोठी शोधयंत्रंसुद्धा हेच करतात. रोबोट्स फायलीच्या प्रमाणात तर असं लिहिलंय की वाचणाऱ्याने वाटल्यास मर्यादा घालावी, पण ती ५०० किबीबाइटांपेक्षा (एक किबीबाइट म्हणजे १०२४ बाइट) कमी नसावी.

वेळेचंही तसंच. रिक्वेस्ट्समधला 'टाइमआउट' हा एकूण वेळ नसतो. बाइट येणं तेवढा वेळ पूर्ण थांबलं तरच तो लागू होतो. दहा सेकंदांचा टाइमआउट लावला आणि समोरचा सर्व्हर दर नऊ सेकंदांनी एक बाइट टाकत राहिला, तर ती विनंती दिवसभरसुद्धा चालू राहील. एकूण वेळेवर लगाम हवा असेल तर लूपमध्ये घड्याळ आपणच बघावं लागतं. कर्लमध्ये त्यासाठी 'मॅक्स-टाइम' नावाचा स्वतंत्र पर्याय आहे.